जुन्या ट्यूबला चोक कोणता? आकडे वाचा, पैसे वाचवा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील आपल्या पुष्कळ घरांत, विहारांत, समाजमंदिरांत आणि अभ्यासिकांत आजही चार फुटी जुन्या ट्यूब लावलेल्या आहेत. कोणी नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून घेतलेली, कोणाला लग्नात आहेर म्हणून मिळालेली, तर कोणी जयंतीच्या मंडपानंतर डेकोरेशनवाल्याकडून स्वस्तात उचललेली. लोखंडी पट्टी, दोन होल्डर, एक स्टार्टर आणि पट्टीच्या पोटात बसलेला जड चोक, एवढाच तो संसार. पंधरा-वीस वर्षे तो बिनतक्रार चालतो. मग नेमकी मुलांची परीक्षा तोंडावर असताना एके दिवशी ट्यूब पेटत नाही. वायरमन पट्टी उघडून पाहतो आणि सांगतो, "चोक गेला."

खरी अडचण येथून सुरू होते. घरातली बाई बाजाराच्या दिवशी दुकानात जाते. तेथील संभाषण साधारण असे असते :

"दादा, ट्यूबचा चोक द्या."

"कितीचा पायजे, ताई?"

"चार फुटी ट्यूबचा."

"आता चोक कोन वापरतंय? एलईडी न्या. न्हायतर ह्यो एक पडलाय, चालंल."

या "चालंल" शब्दानेच आपल्या कष्टकरी माणसाचे पुष्कळ पैसे वाया गेले आहेत. चालणे वेगळे आणि जुळणे वेगळे. न जुळणारा चोकसुद्धा चार दिवस चालतो. पाचव्या दिवशी ट्यूबची टोके काळी पडतात, पट्टी तापते, जळका वास येतो आणि पुन्हा दुकानाची वारी घडते. हे टाळायला इलेक्ट्रिकचा डिप्लोमा लागत नाही. ट्यूबवर आणि चोकवर छापलेले तीन-चार आकडे वाचता आले की पुरे. चौथी शिकलेल्या भगिनीलाही ते जमेल.

चोक करतो काय?

साध्या पिवळ्या दिव्यात तार तापते आणि उजेड पडतो. ट्यूबमध्ये टोकापासून टोकापर्यंत अशी तार नसते. काचेच्या नळीत अरगॉन वायू व थोडासा पारा भरलेला असतो, आणि दोन टोकांना दोन छोट्या तारा असतात. वीज या वायूतून वाहू लागली की पाऱ्याच्या वाफेतून डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात. नळीच्या आतल्या पांढऱ्या भुकटीवर ते पडले म्हणजे भुकटी उजळते. तोच आपल्याला दिसणारा उजेड.

पण या वायूचा एक स्वभाव आहे. एकदा वीज वाहू लागली की त्याचा अडथळा कमी कमी होत जातो आणि वीज जास्त जास्त ओढली जाते. कोणी अडवलेच नाही तर क्षणात ट्यूब जळून जाईल. उधळणाऱ्या बैलाला वेसण लागते, तशी ट्यूबला चोकची वेसण लागते. लोखंडी पत्र्यांवर तांब्याच्या तारेचे वेढे दिलेला हा ठोकळा वीज ठरावीक मापातच वाहू देतो.

चोकचे दुसरे काम ट्यूब पेटवण्याचे. बटन दाबल्यावर स्टार्टर आधी दोन्ही टोकांच्या तारा तापवतो आणि मग एकदम जोड तोडतो. त्या क्षणी चोकमधून मोठ्या दाबाचा झटका बसतो व ट्यूब पेटते. या सगळ्याला एक-दोन सेकंद लागतात. उशिरा समजणाऱ्या माणसाला आपण "याची ट्यूब उशिरा पेटते" म्हणतो, ते या स्टार्टरवरूनच.

आता मुद्दा लक्षात येईल. प्रत्येक ट्यूबला किती वीज वाहू द्यायची याचे माप ठरलेले आहे. चोक त्याच मापाचा हवा. साता‍ऱ्याजवळच्या कराडशेजारी ओगलेवाडी आहे. तेथील ओगले काच कारखान्याचा प्रभाकर कंदील एके काळी घरोघर होता. कंदिलाची काच फुटली तर दिसायला सारखी म्हणून कोणतीही काच बसत नसे, त्याच मापाची आणावी लागे. चोकचेही तसेच आहे. फरक एवढाच, की चुकीची काच बसतच नाही, आणि चुकीचा चोक मात्र बसतो. म्हणून तो अधिक फसवा.

आधी ट्यूब ओळखा

ट्यूबची जाडी टी या अक्षरापुढच्या आकड्याने सांगतात. टी-१२, टी-८, टी-५ असे आकडे ऐकून घाबरू नये. आपल्यातील सुतार, गवंडी आणि फिटर बांधवांना तर हे फारच सोपे आहे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. टी-१२ म्हणजे बारा सूत, अर्थात दीड इंच जाडीची ट्यूब. टी-८ म्हणजे आठ सूत, पुरता एक इंच. टी-५ म्हणजे पाच सूत, बोटाएवढी बारीक.

चार फुटी ट्यूबमध्ये जुनी जाड टी-१२ ही ४० वॉटची असते. एक इंची टी-८ ही ३६ वॉटची असते. बारीक टी-५ ही २८ वॉटची असते, आणि ती चार फुटांपेक्षा थोडी आखूड असल्याने जुन्या पट्टीत नीट बसतही नाही. तिच्या पिनांमधले अंतरही कमी असते.

दोन फुटी ट्यूबमध्ये हाच क्रम २० वॉट, १८ वॉट आणि १४ वॉट असा आहे. दोन फुटी ट्यूब बहुधा स्वयंपाकघरात, मोरीत किंवा जिन्यात असते.

वॉटचा आकडा ट्यूबच्या टोकाजवळ काचेवर छापलेला असतो. पुसला गेला असेल तर पट्टीने लांबी व जाडी मोजावी. तेवढ्यावरूनही ओळख पटते.

मग चोक वाचा

चोकच्या अंगावर पत्र्याची किंवा कागदाची चिठ्ठी असते. तिच्यावर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत आणि कामाचे आकडे बारीक अक्षरांत असतात. आपण बारीक अक्षरे वाचावीत. चष्मा नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला वाचायला लावावे.

पहिला आकडा वॉटचा. तो बहुधा "४०/३६ वॉट" किंवा "२०/१८ वॉट" असा जोडीने छापलेला असतो. याचा अर्थ सरळ आहे. ४० वॉटच्या जाड ट्यूबचा चोक ३६ वॉटच्या एक इंची ट्यूबलाही चालतो, आणि उलटही. २० आणि १८ वॉटची जोडीही तशीच. एक इंची ट्यूब जुन्या पट्टीत, जुन्या चोकवर, स्टार्टरसकट तशीच बसावी अशाच रीतीने बनवली गेली. म्हणून जाड ट्यूब बाजारात मिळत नाही एवढ्यासाठी पट्टी फेकून देण्याचे कारण नाही.

दुसरा आकडा अँपिअरचा. ४० आणि ३६ वॉटच्या ट्यूबला सुमारे ०.४३ अँपिअर वीज लागते. २० आणि १८ वॉटच्या ट्यूबला सुमारे ०.३७ अँपिअर. वॉटचा आकडा खोडला गेला असेल आणि हा आकडा दिसत असेल तरी जुळणी करता येते. किंबहुना खरी जुळणी याच आकड्याची आहे.

तिसरा आकडा व्होल्ट व हर्ट्झचा. आपल्याकडे २३० किंवा २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असे असावे.

याखेरीज चिठ्ठीवर आय.एस.आय. खूण पाहावी. स्टार्टरवर चालणाऱ्या ट्यूबच्या चोकसाठी भारतीय मानक क्रमांक १५३४ आहे. हा क्रमांक व खूण असलेला चोक शक्यतो घ्यावा. बिननावाचा हलका चोक हातात घेऊन पाहावा. तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार भरलेला चोक वजनाला हलका असतो आणि जास्त तापतो. स्वस्त म्हणून घेतलेला असा चोक पट्टीतल्या वायरींचेही आवरण भाजून काढतो.

कंपनी कोणती हा प्रश्न सर्वांत शेवटचा. पट्टी एका कंपनीची, ट्यूब दुसरीची आणि चोक तिसरीचा असला तरी काही बिघडत नाही. आकडे जुळले की झाले. "त्याच कंपनीचा चोक आता येत नाही, म्हणून सगळेच बदला" असे कोणी म्हणाले तर ते मानू नये.

कोणते जोड जुळत नाहीत?

दोन फुटी १८ वॉटची एकच ट्यूब ३६ वॉटच्या चोकवर लावू नये. तिच्यातून मापापेक्षा जास्त वीज वाहते. सुरुवातीला उजेड चांगला वाटतो, पण टोके लवकर काळी पडतात. ३६ वॉटचा एक चोक वापरून दोन फुटी दोन ट्यूब एकापुढे एक जोडता येतात. पण त्यासाठी ४ ते २२ वॉट असे लिहिलेले कमी मापाचे दोन स्टार्टर लागतात. नेहमीचा, मोठ्या मापाचा स्टार्टर तेथे नीट काम करत नाही.

याच्या उलट, ३६ वॉटची ट्यूब १८ वॉटच्या चोकवर नीट पेटत नाही. लुकलुकत राहते, आणि लोक स्टार्टर बदलत बसतात.

बारीक टी-५ ट्यूबचा मामलाच वेगळा. चार फुटी २८ वॉटच्या ट्यूबला केवळ ०.१७ अँपिअर वीज लागते. जुना ०.४३ अँपिअरचा चोक तिच्यासाठी मुळीच नाही. तिला तिच्याच मापाचा इलेक्ट्रॉनिक चोक हवा.

इलेक्ट्रॉनिक चोक घ्यावा का?

माण, खटाव, जत, आटपाडी या भागांतील वाचकांना कमी दाबाचा अनुभव नवा नाही. शेतीचे पंप सुरू झाले की गावात ट्यूब पेटत नाही. टोके लाल होतात, फडफड चालते, पण मधला भाग उजळत नाही. तांब्याच्या चोकला आणि स्टार्टरला पुरेसा दाब लागतो. इलेक्ट्रॉनिक चोक बऱ्याच कमी दाबावरही ट्यूब पेटवतो, गुणगुणत नाही आणि वीजही कमी खातो. म्हणून खेड्यापाड्यांत तो पसरला.

त्याची दुसरी बाजूही पाहावी. दाब अचानक वाढला किंवा जवळपास वीज कडाडली तर तो तांब्याच्या चोकपेक्षा लवकर जातो, आणि गेला की सहसा दुरुस्त होत नाही. तांब्याचा चोक मात्र गेला तरी भंगारात त्याच्या तांब्याला मोल असते. फेरीवाल्याला तो फुकट देऊ नये, वजन करून द्यावा.

इलेक्ट्रॉनिक चोक घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. तो किती वॉटच्या ट्यूबसाठी आहे आणि किती ट्यूबसाठी आहे. "१ × ३६" म्हणजे ३६ वॉटची एक ट्यूब, "२ × ३६" म्हणजे दोन. जोडणीचा नकाशा त्याच्या अंगावरच छापलेला असतो आणि प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा असू शकतो. तो पाहूनच वायरी जोडाव्यात. इलेक्ट्रॉनिक चोक लावल्यावर स्टार्टरचे काम उरत नाही, स्टार्टर काढून टाकावा.

विट्याच्या यंत्रमाग कामगारांनी व घरी शिलाई करणाऱ्या भगिनींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तांब्याच्या चोकवर चालणारी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. डोळ्यांना ते जाणवत नाही. पण त्या उजेडात वेगाने फिरणारे चाक कधी कधी थांबल्यासारखे किंवा संथ फिरल्यासारखे दिसते. चाक थांबले समजून हात पुढे गेला तर बोटे जातील. इलेक्ट्रॉनिक चोकवर ट्यूब सेकंदाला हजारो वेळा कमी-जास्त होते, त्यामुळे हा भास होत नाही. मोठ्या शेडमध्ये तांब्याचे चोक ठेवायचेच असतील तर शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडाव्यात.

चोक खरेच गेला आहे का?

खर्च करण्यापूर्वी क्रमाने पाहावे. स्वस्त वस्तू आधी, महाग वस्तू नंतर.

आधी ट्यूब होल्डरमध्ये फिरवून नीट बसवावी. पुष्कळदा पीन सैल झालेली असते. मग दुसऱ्या पट्टीतला चालू स्टार्टर लावून पाहावा. दोन्ही टोके सतत लाल राहतात व मधे उजेड येत नाही, तेव्हा बहुधा स्टार्टर चिकटलेला असतो. तो काढताच ट्यूब पेटली तर खात्रीच झाली. त्यानंतर तीच ट्यूब चालू पट्टीत लावून पाहावी. तेथेही पेटली नाही तर ट्यूब गेली. या तिन्हींतून काही निघाले नाही तरच चोककडे वळावे.

चोक दोन तऱ्हांनी जातो. आतली तार तुटते, तेव्हा ट्यूब अजिबात काही करत नाही. किंवा आतले वेढे एकमेकांना चिकटतात. ही दुसरी तऱ्हा वाईट. वेसण सुटते आणि नवी ट्यूब लावताच टोके एकदम लख्ख होऊन जळून जाते. एकापाठोपाठ दोन ट्यूब गेल्या तर तिसरी आणू नये. आधी वायरमनकडून चोक तपासून घ्यावा. चोक तपासणे व बदलणे हे जाणकाराचेच काम आहे. मेन स्विच बंद केल्याशिवाय पट्टीला हात लावू नये.

बटन फेज वायरवर आहे की नाही हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. बटन न्यूट्रलवर असेल तर ते बंद करूनही पट्टीत वीज राहते. लोखंडी पट्टीला अर्थिंग जोडलेले हवे. पत्र्याच्या घरात, गळक्या छताखाली तर ते हवेच हवे. चोक असलेली पट्टी कापडी मंडपाला, पाचटाला किंवा प्लायवूडला चिकटवून लावू नये. चोक तापतो आणि तापलेल्या चोकला वाट हवी असते.

महापुरात भिजलेला चोक

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. २०२१ सालीही पूर आला. कृष्णाकाठच्या कित्येक घरांत छतापर्यंत पाणी चढले. पाणी ओसरल्यावर माणसे पट्टी पुसून, उन्हात वाळवून पुन्हा लावतात. गरिबाची सवयच ती, वस्तू टाकवत नाही.

पण पुरात बुडालेला चोक पुन्हा लावू नये. त्याच्या वेढ्यांमध्ये गाळ आणि ओल बसते, ती बाहेरच्या उन्हाने जात नाही. आतले आवरण सडते आणि वीज लोखंडी पट्टीत उतरते. अर्थिंग नसलेल्या घरात ओल्या भिंतीला टेकलेल्या माणसाला मग धक्का बसतो. इलेक्ट्रॉनिक चोकचे तर विचारायलाच नको. पट्टीचा पत्रा वापरता येईल. चोक, स्टार्टर, होल्डर आणि वायर बदलावेतच. येथे काटकसर नको.

दुरुस्ती करावी की बदलावे?

आता हिशेबाकडे वळू. ४० वॉटची जाड ट्यूब ४० वॉट खाते, आणि तांब्याचा जुना चोक स्वतः तापण्यात आणखी १२ ते १५ वॉट खातो. म्हणजे पट्टीमागे सुमारे ५४ वॉट. तिच्या जागी चार फुटी एलईडी ट्यूब लावली तर साधारण २० वॉट लागतात. फरक ३४ वॉटचा.

हा फरक पैशांत किती? ते ट्यूब रोज किती तास जळते यावर आहे. युनिटचा दर सोयीसाठी आठ रुपये धरू. आपल्या बिलावर जो दर असेल त्याने वाचकांनी गुणावे.

रोज एक तास जळणारी ट्यूब : वर्षाला सुमारे १२ युनिटचा फरक, म्हणजे जेमतेम शंभर रुपये.

रोज पाच तास जळणारी ट्यूब : वर्षाला ६२ युनिट, म्हणजे सुमारे पाचशे रुपये.

रोज बारा तास जळणारी ट्यूब : वर्षाला १४९ युनिट, म्हणजे सुमारे अकराशे नव्वद रुपये.

यावरून निर्णय सोपा होतो. माळ्यावरची, गोठ्यातली, महिन्यातून चार वेळा उघडणाऱ्या सभागृहातली पट्टी दुरुस्त करून चालवावी. जुळणारा चोक मिळाला तर तोच फायद्याचा. पण अभ्यासिकेत मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत बसतात, तेथे जुन्या चोकवर पैसे घालणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे होय. तेथे एलईडी करावी, आणि त्या पट्ट्यांतून निघालेले चांगले चोक कमी वापराच्या पट्ट्यांसाठी जपून ठेवावेत. आज बाजारात चोक शोधत हिंडण्यापेक्षा आपल्याच वस्तीत निघालेला, तपासलेला चोक हा सर्वांत खात्रीचा. प्रत्येक विहाराने किंवा मंडळाने असे चालू चोक, स्टार्टर आणि होल्डर एका पेटीत ठेवले, वर वॉटचा आकडा लिहिला, तर दहा घरांची सोय होईल.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. "कॅपॅसिटर लावा, बिल निम्मे होईल" असे सांगणारे भेटतात. कॅपॅसिटरने वायरमधून वाहणारी वीज कमी होते, हे खरे. पण आपले घरगुती मीटर युनिट मोजते, आणि ट्यूब व चोक जेवढे युनिट खातात तेवढेच खात राहतात. घरगुती बिल त्याने उतरत नाही.

जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब लावतानाही जुळणी पाहावी. काही एलईडी ट्यूबना थेट वीज लागते, तेथे चोक व स्टार्टर दोन्ही काढून वायरिंग बदलावे लागते. काही ट्यूबबरोबर वेगळा स्टार्टर येतो, त्या तांब्याच्या चोकवर चालतात. इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर, ट्यूबच्या खोक्यावर तसे स्पष्ट लिहिलेले नसताना, तो काढूनच टाकावा. वायरिंग बदलल्यावर पट्टीवर रंगाने "फक्त एलईडी" असे लिहून ठेवावे. उद्या कोणी नकळत जुनी ट्यूब तेथे लावली तर चोक नसल्याने ती क्षणात जळेल आणि अपघात होईल.

ही ट्यूब जाणार का?

जाणार आहे, आणि त्याचे कारण तिच्यातला पारा. जपानमध्ये मिनामाता नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथील चिस्सो या रसायन कारखान्याने पारायुक्त सांडपाणी वर्षानुवर्षे खाडीत सोडले. ते माशांत उतरले आणि मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांना मज्जातंतूंचा भयंकर आजार जडला. १९५६ मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली. आईच्या पोटातली मुलेही त्यातून सुटली नाहीत. त्याच गावाच्या नावाने पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. २०२३ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत ट्यूबचीही मुदत ठरली. जुन्या प्रकारच्या भुकटीच्या ट्यूबसाठी २०२६ आणि नव्या, तीन रंगांच्या भुकटीच्या ट्यूबसाठी २०२७. त्या वर्षांनंतर उत्पादन, आयात व निर्यात करायची नाही, असा हा निर्णय आहे.

आपली ट्यूब कोणत्या प्रकारची हे तिच्यावरच्या रंगाच्या आकड्यावरून कळते. वॉटच्या पुढे ५४ असा दोन आकडी क्रमांक असेल तर ती जुन्या प्रकारची. ८६५ किंवा ८४० असा आठने सुरू होणारा तीन आकडी क्रमांक असेल तर ती नव्या प्रकारची.

घरात लावलेली ट्यूब वापरण्यास मात्र या मुदतीने मनाई होत नाही. म्हणून घाबरून चालू पट्ट्या उपटू नयेत. तसेच, ट्यूबचे खोके भरून साठाही करू नये. जी पट्टी चांगली आहे ती जुळणाऱ्या चोकवर चालवावी, आणि तिची ट्यूब संपेल तेव्हा एलईडीकडे वळावे.

ट्यूब संपल्यावर तिचे काय करायचे, हे सर्वांत महत्त्वाचे. मुले ती फोडतात, मोठा आवाज होतो, सगळे हसतात. त्यातून निघणारी पाऱ्याची वाफ कोणाला दिसत नाही. एका ट्यूबमध्ये पारा काही मिलिग्रॅमच असतो, पण घंटागाडीवर आणि कचरा डेपोवर रोज अशा ट्यूब फुटतात. तेथे हातमोज्यांशिवाय कोण उभे असते? आपलेच सफाई कामगार, आपल्याच कचरावेचक भगिनी. त्यांच्या श्वासात आपण पारा सोडू नये. २०१६ च्या ई-कचरा नियमांत पारा असलेले दिवे समाविष्ट झाले, आणि हे दिवे नेहमीच्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. संपलेली ट्यूब तिच्याच पुठ्ठ्याच्या खोळीत घालून, न फोडता, वेगळी द्यावी आणि देताना "यात ट्यूब आहे" असे तोंडाने सांगावे.

घरात फुटलीच तर मुलांना बाहेर काढावे, पंखा बंद करून खिडक्या-दारे उघडावीत आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. झाडूने झाडू नये, त्याने भुकटी उडते. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत, उरलेली भुकटी ओल्या कागदाने टिपावी आणि सर्व झाकणाच्या बरणीत बंद करून वेगळे द्यावे.

दुकानात जाताना

वाचकहो, चोक आणायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. जळालेला चोक पिशवीत टाकून न्यावा. तो विसरला तरी एका कागदावर एवढे लिहून न्यावे : ट्यूबची लांबी, जाडी किती सूत, ट्यूबचे वॉट, चोकवरचे वॉट व अँपिअर, आणि पट्टीत स्टार्टर आहे की नाही. साताऱ्यात असो, कराडला असो, सांगलीत असो वा मिरजेत, हा कागद दुकानदारापुढे ठेवला की "चालंल" हा शब्द त्याच्या तोंडून निघणार नाही. तो आकडे पाहील आणि जुळणारी वस्तू काढून देईल, नाहीतर "माझ्याकडे नाही" असे सरळ सांगेल.

बिलावर चोकचे वॉट लिहून घ्यावेत आणि बिल जपून ठेवावे. चुकीची वस्तू निघाली तर परत करताना बिलच बोलते. आणि घरातल्या शाळकरी मुलामुलींना हे आकडे एकदा दाखवून ठेवावेत. दहावीच्या विज्ञानात वीज शिकणाऱ्या मुलीला आपल्या डोक्यावरच्या ट्यूबचा चोक वाचता आला, तर तिचा धडाही पक्का होईल आणि घरचे पैसेही वाचतील.